विमलबाईंच्या नावाची सांडशी

उघडी

मी एक जुनी सांडशी आहे, मित्रांनो, आणि इतकी जुनी असूनही परवापरवापर्यंत मी एकसुद्धा गरम भांडं उचललेलं नव्हतं. हसू आलं असेल तर हसा. मलाही पुढे पुढे हसू यायला लागलं होतं.

'मित्रांनो' म्हणते आहे ते मुद्दाम. मैत्रिणींना ही गोष्ट नव्याने सांगायची गरज नाही. त्यांच्या माळ्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणी कोऱ्याच्या कोऱ्या पडून असतात.

सुरुवातीलाच माझी एक अडचण सांगून ठेवते. सांडशीला काम करायलाही तोंडच आणि बोलायलाही तेच. ते उघडं असलं तर मी बोलते. कुणी मिटलं, वर रबर चढवलं, की माझा आवाज बंद. कान मात्र कुणाला बंद करता येत नाहीत. म्हणून ही गोष्ट मधेच तुटेल. तुटली की समजायचं, मला मिटलंय. तेवढा वेळ जे माझ्या कानावर पडलं तेच तुम्हीही ऐका.

माझा जन्म भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. समाधान नावाचा कामगार दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवायचा, मधे रिबीट ठोकायचा, उघडमीट करून बघायचा आणि टोपलीत टाकायचा. माझी उघडमीट करताना त्याला जोर लागला. तो शेजारच्याला म्हणाला, "ही लई कडक आहे, राव. कुणाची तरी सासू होणार." बघा, अजून मला पॉलिशसुद्धा झालं नव्हतं आणि माझं नातं ठरून मोकळं झालं होतं.

मला सासू व्हायचं नव्हतं. मला एकच हौस होती. गॅसवर रटरटणारं पातेलं काठाला धरायचं आणि थेंबही न सांडता खाली ठेवायचं.

भांड्यांच्या दुकानातून मला विमलबाईंनी उचललं. विमलबाई भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेत आता नाही. शेताच्या जागी भाड्याच्या खोल्यांची रांग आहे आणि रांगेच्या टोकाला त्यांचं माडीचं घर. खोल्यांमध्ये लातूर, बीड, धाराशिवकडून कामाला आलेली कुटुंबं राहतात. दर संक्रांतीला विमलबाई रांगेतल्या साऱ्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि वाण लुटतात. बाकीच्या बायका प्लास्टिकच्या साबणदाण्या वाटायच्या. विमलबाईंनी स्टीलच्या सांडश्या घेतल्या, आणि कुणी विसरू नये म्हणून प्रत्येकीवर नाव घालून घेतलं.

सांडशीचा दांडा तो केवढा. नाव एका दांड्यावर मावेना. म्हणून नाव घालणाऱ्याने 'सौ. विमलबाई लक्ष्' एका दांड्यावर कोरलं आणि 'मणराव यांजकडून, संक्रांत' दुसऱ्यावर. मी मिटले की लक्ष्मणराव अखंड. तोंड उघडलं की त्यांचे दोन तुकडे.

लक्ष्मणरावांनी मला दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाले, "मला कशाला घातलं मधी?"

"तुमाला न घालता मी 'सौ.' कशी व्हनार?" विमलबाई म्हणाल्या.

त्या संक्रांतीला मी सुमनताईंच्या ओटीत पडले. सुमनताई रांगेतल्या भाडेकरू, लातूरकडच्या. त्यांचे यजमान ज्योतीराम वायरमन आहेत. घरी आल्यावर सुमनताईंनी मला दिव्याखाली धरलं, उघडलं, मिटलं, "भारी आहे गं बाई," असं स्वतःशीच म्हणाल्या. माझा आनंद पोटात मावेना. ओट्यावर चहा उकळतच होता. त्या ओट्याकडे वळल्या, हात वर केला, फळीवरचं रबर काढलं आणि

मिटलेली

ज्योतीराम: अगं दे की ती इकडं. मी रोज टॉवेलनं पातेलं उतरवायलोय.

सुमनताई: वापरायला नाही ती. चांगली आहे.

ज्योतीराम: चांगली आहे म्हणून वापरायची नाही?

सुमनताई: पुढच्या साली द्यायला होईल कुणाला तरी. तेवढंच एक वाण सुटलं.

ज्योतीराम: तिच्यावर घरमालकिणीचं नाव आहे ढळढळीत.

सुमनताई: तुमच्या पिशवीत ती वायरीला गुंडाळायची लाल पट्टी असती ना?

ज्योतीराम: आहे.

सुमनताई: मग द्या इकडं. आणि चहा उतरवा, उतू चाललाय.

उघडी

पट्टी गुंडाळायला मला पुन्हा उघडावं लागलं, म्हणून एवढं सांगून घेते. पट्टी अशी सफाईने बसली की विमलबाई, लक्ष्मणराव आणि संक्रांत तिघंही तिच्याखाली गडप झाले. मग रबर न चढवताच मला माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

डब्यात बरीच मंडळी होती. एक गाळणी, दोन करंडे, आणि रंग उडालेली एक साबणदाणी. साबणदाणी सगळ्यांत वडीलधारी. तिने इतकी घरं पाहिली होती की आपण मुळात कुणाची हे तिलाच आठवत नव्हतं. "साबण कसा असतो गं?" असं तिने मला विचारलं. ती म्हणायची, "आपण वस्तू नाही, बाळ. आपण निरोप आहोत. 'तुम्हाला मोजलंय बरं का आमच्यात', एवढाच निरोप. निरोपाला कुणी साबण लावतं का?"

हा निरोप कुणाला जातो आणि कुणाला जात नाही, हे मला त्या माळ्यावरच कळलं. सुमनताईंच्या शेजारच्या खोलीत सोजरबाई राहतात. दोन खोल्यांमधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नाही, त्यामुळे माळ्यावरून पलीकडचं सगळं ऐकू येतं. सोजरबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत. पहाटे कंपनीच्या बसने जातात, दुपारी येतात. संक्रांत आली की अख्ख्या रांगेचा तिळगूळ त्याच करतात, विमलबाईंच्या हळदीकुंकवाचासुद्धा. ताटं भरून वर पोचवतात. आणि ज्या दिवशी हळदीकुंकू असेल त्या दिवशी, बायकांच्या बांगड्या रांगेतून वाजायला लागायच्या आत, त्या आतून कडी लावून घेतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपल्याला बघून अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मग आवाज बारीक करून टीव्ही बघत बसतात.

कुणी त्यांना कडी लाव असं सांगितलं होतं का? नाही. कुणी लावू नका असंही म्हटलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला मी आळंदीला मंजुषाबाईंच्या ओटीत गेले. सुमनताईंची आणि त्यांची ओळख भिशीतली. मंजुषाबाई माझे दांडे बघून हरखल्या. "अगंबाई, हिला ग्रिपपण आहे." त्यांचं घाटाजवळ माळा-बुक्क्याचं दुकान आहे. त्यांनी मला तुळशीमाळांच्या खोक्यात टाकलं. शेजारच्या खोलीत वारकरी संस्थेतले विद्यार्थी मृदंग शिकत, आणि त्यांचे महाराज त्यांना रोज सांगत की कशात गुंतू नये. मी मनात म्हणायचे, महाराज, मला आधी एकदा गुंतू तरी द्या.

तिथून मी आयटी पार्कजवळच्या माणला करिष्मा नावाच्या मुलीकडे गेले, ती मंजुषाबाईंची भाची. करिष्माने तिच्या आयटी कंपनीतल्या हळदीकुंकवात मला बाहेर काढलं. तिथे जीन्सवर नऊवारी नेसलेल्या मुली होत्या, कॉफीच्या मशीनजवळ करंडा ठेवला होता, आणि एक मुलगी हळूच विचारत होती की लग्न न झालेल्यांनी कुंकू घ्यायचं की नुसता फोटो काढायचा.

मित्रांनो, एवढी घरं फिरल्यावर मला एक गोष्ट नीट समजली होती. सांडशी ओटीत पडायला नवरा लागतो. पातेलं उतरवायला लागत नाही. आणि ज्यांच्या ओटीत मी पडत होते त्यांना माझं काम नव्हतं.

करिष्माने मला तिच्या टीममधल्या दिव्याच्या हातात ठेवलं. दिव्याने पर्समध्ये टाकण्यासाठी मला

मिटलेली

दिव्या: आई, ऑफिसात हे मिळालं. तुमच्या वाणात घाला वाटल्यास.

तिची सासू: बघू. व्हय गं, नवीनच दिसतीया. आन मूठ बी लाल हाय. कुनी दिली?

दिव्या: करिष्माने. तुमच्या यंदाच्या वाणात एक कमी पडत होतं ना?

तिची सासू: पडतंय. पर ही पट्टी कशाला असली? सुटतीया कडंला. काढून टाकते, म्हंजी कशी चकचकीत दिसंल.

उघडी

आवाज ओळखलात ना? मी भोसरीतच परत आले होते. दिव्या ही विमलबाईंची सून.

विमलबाईंनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सर्र करून ओढली. आधी संक्रांत बाहेर आली. मग अर्धे लक्ष्मणराव. दुसऱ्या दांड्यावरची पट्टी त्यांनी फार सावकाश काढली. मग त्या खाली बसल्या.

"काय झालं, आई?" दिव्याने विचारलं.

"माझं वान," विमलबाई म्हणाल्या. "मी दिलेलं. माझ्या नावाचं. कुनीतरी वायरीची पट्टी गुंडाळून फिरवलंय गावभर."

दिव्याने मला हातात घेऊन वाचलं. तिला हसू फुटत होतं, पण तिने ते आवरलं. "पण आई, तुम्ही पट्टी का काढत होता?"

"पुसत व्हते."

"पुढे द्यायला?"

"पुसत व्हते म्हनलं ना."

खरं सांगायचं तर त्या दिवशी विमलबाईंना रागापेक्षा धक्का जास्त बसला होता. त्यांना वाटत होतं, खाली रांगेत घरोघरी रोज सकाळी त्यांच्या नावाने दूध उतरतंय. हळदीकुंकू उद्यावर आलं होतं. त्यांनी मला मुठीत धरलं, तलवारीसारखं, आणि जिना उतरल्या.

पहिल्या दाराशी त्या म्हणाल्या, "माझी सांडशी दाव." ती बाई म्हणाली, गावाला सासूबाईंनी नेली. दुसरी म्हणाली, हरवली. तिसरीने आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आत्ता इथंच होती बघा, काकू." सुमनताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या दांड्यावर उरलेल्या लाल चिकट रेघेकडे पाहिलं, आणि ज्योतीरामांकडे पाहिलं. ज्योतीराम भिंतीवरच्या बटणाचा स्क्रू घट्ट करायला लागले.

"काकू, मी तर रोज वापरते," सुमनताई म्हणाल्या.

"मग ही काय हाय?"

"हीच वापरते."

"ही माझ्या हातात हाय, सुमन."

माझी उघडमीट करत विमलबाई पुढे निघाल्या. मागे आता सगळ्या बायकांची रांग लागली होती. आता एकच दार उरलं होतं. त्या दारापाशी विचारण्यासारखं काहीच नव्हतं, कारण तिथे कधी काही दिलेलंच नव्हतं. विमलबाई वळणारच होत्या, तेवढ्यात आतून करपू लागलेल्या गुळाचा वास यायला सुरुवात झाली.

आत सोजरबाई नुकत्याच शिफ्टवरून येऊन गॅससमोर उभ्या होत्या. अंगात अजून कंपनीचा शर्ट आणि पँट. पातेल्यात उद्याच्या तिळगुळाचा पाक फसफसत वर चढत होता, शेगडीचं बटण अडकलं होतं, फडकं बाहेर दोरीवर वाळत होतं, आणि पँटला काही पदर नसतो. सोजरबाईंनी शर्टाची बाही ओढून पातेल्याला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

विमलबाईंनी विचार केला नाही. हात पुढे केला. "धर," म्हणाल्या. सोजरबाईंनी मला धरलं, मी पातेल्याचा काठ पाहिला, आणि

मिटलेली

विमलबाई: हळू. कडंनं ये. तिकडं पाय नगं ठिवू.

सोजरबाई: ताई, ते तीळ टाका ह्यात. सगळे टाका.

विमलबाई: टाकलं.

सोजरबाई: ताटाला तूप लावलंय, जरा पुढं सरकवा. अजून. बास.

विमलबाई: वत आता.

सोजरबाई: ओतलं. वाचला बाई पाक.

सुमनताई: काकू.

विमलबाई: काय?

सुमनताई: सोजरबाईला वाण दिलंत तुम्ही?

(इथे ताटावर वाटी थापल्याचा आवाज आला.)

विमलबाई: वान न्हाई ते. सांडशी हाय.

सुमनताई: पण त्याच्यावर संक्रांत लिहिलंय. तुमचं नावपण आहे.

विमलबाई: माझ्या नावाला काय म्हनायचं ते मी ठरवीन. तू तुझी पट्टी सांभाळ.

उघडी

तो पहिला चटका कसा होता ते सांगू? आधी वाटलं आता वितळणार. मग वाटलं, आत्ता कुठे मी घट्ट झाले. पातेलं जड होतं, पाक उकळता होता आणि एक थेंब सांडला नाही. समाधानने मला कडक बनवलं ते सासू होण्यासाठी नाही, ह्यासाठी.

पण दारात बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. विमलबाईंनी मला परत घेतलं तर उद्या मी कुणाच्यातरी ओटीत आणि तिथून डब्यात. नाही घेतलं तर रांगेत एकच चर्चा, विमलबाईंनी रीत मोडली. विमलबाईंचा जीव ह्या रीतीत होता. अर्धा जीव नावात होता.

सोजरबाईंनी मला नळाखाली धुतलं, पुसलं आणि दांड्याकडून पुढे केलं. "घ्या, ताई. मला काय करायची?"

विमलबाईंनी हात पुढे केला, पण धरलं नाही. "तुला नगं?"

"पाहिजे की. रोज हात भाजतो माझा." सोजरबाई हसल्या. "पण मी घेतली तर पुढं देऊ कुणाला? माझ्या हातचं वाण कोण घेतंय? इथंच पडून राहील माझ्याकडं. रोज वापरात."

सोजरबाईंनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. अडचण म्हणून सांगितलं होतं. पण दारातल्या दोघीतिघी मागे सरकल्या. सुमनताईंनी पदराचा काठ चाचपायला सुरुवात केली.

विमलबाईंनी मागे वळून एकेकीकडे पाहिलं. सासूबाईंनी नेलीवाली. हरवलीवाली. आत्ता-इथंच-होतीवाली. मग त्यांनी सोजरबाईंच्या ओट्याकडे पाहिलं. तिथली प्रत्येक वस्तू झिजलेली होती. एवढ्या मोठ्या रांगेत ज्या घरात त्यांचं नाव टिकलं असतं, नेमक्या त्याच घराला त्यांनी कधी हाक मारली नव्हती. हा हिशेब त्यांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही हेही दिसलं.

"ठिव," त्या म्हणाल्या. "पर उद्या हिला घेऊन वर ये. मसाला दूध करनार हाय, पातेलं मोठं हाय माझं."

"येते. कुंकू झाल्यावर येऊ, का आधी येऊन जाऊ?"

विमलबाई जिन्याकडे निघाल्या होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "दूध काय कुंकवाची वाट बघतंय व्हय? बायका आल्या की ये. बसायचं आन मग दूध उतरवायचं."

दुसऱ्या दिवशी सोजरबाईंनी हिरवट रंगाची साडी नेसली आणि परत बदलली, आणि परत तीच नेसली. मी पिशवीतून डोकावत होते, म्हणून हे मला माहीत आहे. वर गेल्यावर त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसल्या, आत पण नाही आणि बाहेर पण नाही. दिव्याने त्यांना हाताला धरून सतरंजीवर आणलं. "इथे बसा मावशी, उंबऱ्यात मला जाता येत नाही."

विमलबाई करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत आल्या. सोजरबाईंपाशी त्यांचा हात थांबला. विमलबाईंनी हळद घेतली. लावली. मग कुंकवाच्या वाटीवर त्यांचं बोट तसंच राहिलं.

"कुंकवाचं पुढल्या साली बघू," त्या पुटपुटल्या.

"चालतंय की," सोजरबाई म्हणाल्या. "हप्त्यानं द्या, ताई."

आधी दिव्या हसली. मग सुमनताई. मग सगळ्या सतरंजीभर हसू पसरलं. विमलबाईंनी तोंड घट्ट मिटून ठेवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या हातातला करंडा हलायला लागला आणि थोडी हळद त्यांच्याच साडीवर सांडली. "दूध बघ तिकडं," त्या म्हणाल्या, आणि यंदाचं वाण, एक गाळणी, सोजरबाईंच्या ओटीत टाकून पुढच्या बाईकडे वळल्या.

कुंकवाचं अजून ठरलेलं नाही, मित्रांनो. उगाच सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. विमलबाईंचं म्हणणं आहे की आधी लक्ष्मणरावांना विचारते. लक्ष्मणरावांचं म्हणणं आहे की मला कशाला घालता मधी.

पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांगेत घरोघरी नव्या कोऱ्या गाळण्या वापरात आल्या. विमलबाई पुन्हा तपासायला येतील अशी सगळ्यांना धास्ती आहे. ज्योतीरामांनी आमच्या दारात येऊन मला नीट बघितलं आणि सोजरबाईंना म्हणाले, "भारी दिसतीय ओ आता." मी काळी पडले आहे, काठाला गुळाचा डाग बसला आहे, रिबीट थोडी सैल झाली आहे. कौतुकच करत होते ते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर असा एक डबा असेल. तो खाली काढा. त्यातल्या साबणदाणीला साबण दाखवा. मुलग्यांनो, तुम्हीच दाखवा, त्याला कुणाची ओटी लागत नाही. आणि येत्या संक्रांतीला, बायका नटून बाहेर पडल्या की आपल्या गल्लीतलं कुठलं दार आतून लागतं तेवढं बघून ठेवा. तिथे रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. कडी वाजवा आणि थोडं थांबा. दार उघडायला वेळ लागेल, कारण आतल्या बाईला वाटेल, हे शेजारच्यांकडे आले असतील.